आमच्या दिंडीतली विडी कशी सुटली



या शतक महोत्सवी अंकात दिंडीची स्थापना, फडाची परंपरा, मुक्कामाची गावं आणि अन्नदाते यजमान यांच्याविषयी जाणत्या मंडळींनी लिहिलं आहे. आमच्या वाट्याला निराळाच विषय आला. मंडळी म्हणाली, "महाराज, दिंडीतली चिलीम आन् विडी कशी गेली ते तुम्ही लिहा. तुमच्या डोळ्यासमोर झालंय." आम्ही चौथीपर्यंत शिकलेलो. कीर्तनाला उभं राहिलो तर दोन तास बोलू, पण कागदावर लिहायचं म्हणजे हात थरथरतो. तरी जे पाहिलं आणि जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलं ते लिहितो. शब्द मागंपुढं झाले तर सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावरून दिंडीत फार वर्षं वाद झाला. वाद असा, की संतांनी मद्य-मांस वर्ज्य सांगितलं, पण ज्ञानोबारायांनी विडी सोडा असं कुठं सांगितलंय? चिलीम ओढणारी म्हातारी मंडळी हा प्रश्न टाकायची आणि नवे कीर्तनकार गप्प व्हायचे. आमच्यासोबत काही वर्षं कॉलेजात इतिहास शिकवणारे एक गुरुजी चालायचे, त्यांनी एकदा तळावर याचा उलगडा केला. माउलींनी समाधी घेतली ती सन १२९६ साली. तंबाखू आपल्या मुलखात आली ती पोर्तुगिजांच्या गलबतातून, सोळाव्या शतकात. म्हणजे माउलींच्या नंतर दोनशे वर्षं उलटून गेल्यावर. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, तिथून विजापूरच्या आदिलशाहीत गेली. असद बेग नावाचा अकबर बादशहाचा वकील विजापुरास गेला होता, त्यानं तिथून तंबाखू नेऊन बादशहापुढं ठेवली, ती सन १६०४-०५ च्या सुमारास. पुढं जहांगीर बादशहानं १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली, पण लोकांनी ती काही मानली नाही. आता सांगा, जी वस्तू देशातच नव्हती ती माउली वर्ज्य कशी सांगणार? तुकोबारायांच्या काळात मात्र ती आली होती, आणि गाथ्यात तंबाखूच्या धुराविषयी तुकोबारायांनी कडक शब्दांत सुनावलेलं आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी गाथा उघडून पाहावा.

हे ऐकल्यावर आमचे एक पखवाजी काका म्हणाले होते, "मग मिरचीबी त्याच गलबतातून आली म्हणायची, ती तर एकादशीला चालती." सगळा तळ हसला. पण त्या दिवसापासून 'माउलींनी कुठं सांगितलंय' हा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

आता दिंडीकडे येऊ. आमची दिंडी निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीसोबत त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघते. नाशिक, सिन्नर, राहुरी, नगर, करमाळा अशी वाट करत आषाढीला पंढरीत पोचते. तीन आठवड्यांच्या वर चाल. सुरुवातीच्या काळात दोन बैलगाड्या असत. त्या वेळची जमाखर्चाची वही अजून आहे, मोडी अक्षरात. मोडी वाचणाऱ्या एका बुवांनी आम्हाला ती वाचून दाखवली. त्यात डाळ, गूळ, गोडंतेल, राकेल यांच्या रांगेत तंबाखूही लिहिलेली आहे. म्हणजे भिशीच्या पैशातून तंबाखू घेतली जाई आणि ती सामायिक असे. गाडीच्या दांडीला कातड्याची पिशवी टांगलेली असायची. विसाव्याला झाडाखाली बसलं की चंची उघडायची, चकमक झडायची, छापी ओली करून चिलमीला गुंडाळायची आणि चिलीम फिरायची. इथं एक स्पष्ट करतो. ही चिलीम तंबाखूची होती. त्र्यंबकला साधूंच्या धुनीवर जे काही चालतं त्याचा आमच्या दिंडीशी कधी संबंध आला नाही.

चिलीम वाईट, हे आज म्हणायला सोपं आहे. पण आमच्या आजोबांच्या पिढीत तिला एक मान होता हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर ती सुटायला इतकी वर्षं का लागली ते कळणार नाही. नवा माणूस दिंडीत आला की त्याला पहिल्यांदा चिलीम पुढं करायची. ती घेतली म्हणजे तो आपला झाला. पावसात भिजून, चिखल तुडवून आलेल्या माणसाला पोटात अन्न पडायला अजून दोन तास असत, तेव्हा झुरक्यानं भूक मरायची. यजमानाच्या घरी पंगत उठली की ताटात विडा-सुपारी यायची आणि सोबत विडीचं बंडल आणि आगपेटी. ते नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान व्हायचा.

विडी आली ती नंतर. जुनी माणसं सांगत, की स्वदेशीच्या आणि असहकाराच्या दिवसांत विलायती सिगारेटीवर बहिष्कार पडला, तेव्हा विडीला देशी म्हणून मोठा भाव आला. आमची दिंडी सुरू झाली तीही त्याच काळात. चिलमीला माणसं गोळा करावी लागत, विडी एकट्यानं ओढता येई. त्यामुळं चिलीम फक्त विसाव्याला होती, विडी चालता चालता सुरू झाली. टाळ एका हाताला अडकवलेला आणि दुसऱ्या हातात विडी, असे टाळकरी आम्ही लहानपणी पाहिले आहेत.

आणि आमच्या सिन्नरकडची गोष्ट तर आणखी वेगळी. सिन्नर आणि संगमनेर ही विड्यांची गावं. घरोघरी बाया सूप मांडीवर घेऊन बसायच्या. टेंभुर्णीचं पान पाण्यात भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, त्यात जर्दा भरायचा, वळायचं, टोक दुमडायचं आणि दोरा बांधायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हजार विड्या झाल्या की दिवस भरला. आमच्या आईची बोटं कायम पिवळी असायची. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, बाजरी उगवली नाही, माणसं खडी फोडायला गेली, तेव्हा आमच्या आळीतली कितीतरी घरं त्या सुपावर जगली. म्हणून दिंडीत विडीविरुद्ध कुणी बोलायला लागला की मागच्या बायांच्या रांगेत चुळबुळ व्हायची. हे कोडं सुटायला फार वेळ लागला. त्याच्याकडं पुन्हा येतो.

पहिली बंदी आली ती आमच्या वडिलांच्या काळात. गाडगेबाबांची कीर्तनं ऐकून आलेली काही मंडळी होती. बाबा लोकांना प्रश्न विचारून विचारून व्यसन, कर्ज, नवस-सायास यांच्यावर बोलायचे, ते या मंडळींच्या मनात बसलं. त्यांनी दिंडीच्या प्रमुखांकडं आग्रह धरला आणि प्रमुखांनी हुकूम काढला, की दिंडीत चिलीम-विडी बंद, जो ओढताना दिसेल त्याचा टाळ काढून घेतला जाईल आणि त्यानं दिंडीच्या मागं चालायचं. हुकूम चांगल्या हेतूनं काढला होता. पण झालं काय? माणसं गाडीमागं लपून ओढायला लागली. तळ पडला की दहा-पंधराजण डबा घेऊन जायच्या निमित्तानं रानात जायचे. एका चांगल्या चालीच्या गवयाचा टाळ काढून घेतला, तर तो त्याच दिवशी घरी निघून गेला आणि पुढल्या साली दुसऱ्या दिंडीत दिसला. दोन वर्षांत हुकूम कुणी मोडला म्हणून नाही तर कुणी पाळला नाही म्हणून आपोआप संपला. आमचं मत असं, की त्या हुकमानं विडी तर गेली नाहीच, उलट माणसं एकमेकांपासून लपायला शिकली. आणि लपून ओढणारा माणूस सोडायला कुणाची मदत मागणार?

माळेचा प्रश्न तसाच राहिला. माळ घातली की मांस-मद्य सुटतं, एकादशी लागते, वारी लागते. विडीबाबत प्रत्येक फडाचं आणि प्रत्येक महाराजांचं म्हणणं वेगळं. कोणी माळ घालतानाच तंबाखूही सोडून घेत, कोणी म्हणत, आधी माळ घाल, बाकीचं पांडुरंग बघून घेईल. आमच्याकडं दुसरा प्रकार होता.

मग १९९० च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमचं वय तिशीचं. आमच्या दिंडीत चाल म्हणणारे एक अण्णा होते. पहाटे काकड्याला त्यांचा आवाज उठला की शेजारच्या दिंडीतली माणसं उठून बसायची. चाल म्हणावी तर त्यांनीच. तोंडात कायम तंबाखूचा बार आणि मधूनमधून विडी. त्यांच्या गालाच्या आत फोड आला. बरेच दिवस त्यांनी कुणाला दाखवला नाही. दाखवला तेव्हा मुंबईला न्यावं लागलं, जबड्याचा भाग काढावा लागला. पुढल्या वारीला ते आले. चालता येत होतं, पण बोललेलं कळत नव्हतं. टाळ मात्र बरोबर वाजवायचे. काकड्याला सगळे म्हणत असताना ते नुसते टाळ वाजवत आणि डोळ्यांतून पाणी येई. त्याच्या पुढच्या वारीला ते नव्हते.

त्या वारीला, अण्णा सोबत असतानाच, तीन माणसांनी ठरवलं. एक आमचे पखवाजी काका, ते मिरचीवाले. दुसरा झेंडेकरी. तिसरा बैलगाडी हाकणारा आमचा चुलतभाऊ, जो दिवसाला दोन बंडलं ओढायचा. त्यांनी कुशावर्तात आंघोळ केली आणि ठरवलं, की पंढरीपर्यंत विडी नाही. कायमची सोडली असं कुणी बोललं नाही. फक्त पंढरीपर्यंत. कुणाला सांगितलंही नाही. आम्हाला कळलं ते नाशिक सोडल्यावर, कारण गाडीवान भाऊ बैलांवर उगाच ओरडायला लागला आणि काकांचा पखवाज पुढं पळायला लागला. पहिले तीन-चार दिवस असेच असतात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, राग येतो, पोट साफ होत नाही, खोकला उलट वाढतो. पळशाच्या पुढं एका विसाव्याला भाऊनं कुणाच्या तरी खिशातलं बंडल काढून घेतलं होतं, पण झेंडेकऱ्यानं पाहिलं. तो काही बोलला नाही. पताका खांद्यावर टाकली, भाऊच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "मलाबी आलीय तलफ. चल, एक अभंग म्हणू." दोघांनी सबंध अभंग चालीसकट म्हटला. अभंग संपला तोवर तलफ निघून गेली होती.

हीच ती युक्ती. आमच्या दिंडीची सगळी विडीमुक्ती या एका गोष्टीवर उभी आहे. तलफ आली की ती दडपायची नाही, लपवायची नाही, जोडीदाराला सांगायची. तोंडानं म्हणायचं, "माउली, तलफ आली." आणि जोडीदारानं उपदेश करायचा नाही, अभंग सुरू करायचा. पुढं एक डॉक्टर आमच्या दिंडीत चालायला लागले, ते म्हणाले की तलफेचा जोर काही मिनिटांचाच असतो, तेवढा वेळ काढला की ती उतरते. आमच्या माणसांना हे डॉक्टरांच्या आधी कळलं होतं, फक्त मिनिटांत मोजता येत नव्हतं. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते बऱ्याच जणांना नवं होतं. विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असते म्हणून ती सौम्य, असं सगळे समजत. पण विडी सारखी विझते, म्हणून जोरानं आणि वरचेवर ओढावी लागते, आणि विषारी धूर छातीत जास्त जातो.

त्या तिघांपैकी दोघं पंढरीपर्यंत टिकले. झेंडेकरी करमाळ्याच्या अलीकडं घसरला. एक विडी ओढली आणि संध्याकाळी आपण होऊन काकांना येऊन सांगितलं. काकांनी विचारलं, "किती ओढली?" म्हणाला, "एक." काका म्हणाले, "मग आजपासनं मोज." एवढंच. टाळ काढून घेणं नाही, मागं पाठवणं नाही. जुन्या हुकमात आणि या रीतीत फरक असेल तर तो इथं आहे. आम्ही पुढं कितीतरी माणसं पाहिली, की जी दोनदा-तीनदा घसरून मग सुटली. पहिल्याच खेपेला सुटलेला माणूस विरळा.

पुढल्या वारीला सात-आठ जण तयार झाले, त्यात आम्हीही होतो. मग दिंडीच्या रांगांत जोड्या लावायची रीत पडली. सोडणारा माणूस कधी एकटा चालवायचा नाही. त्याच्या शेजारी सोडणाराच दुसरा द्यायचा. विडी कधीच न ओढलेला सज्जन माणूस जोडीला देऊन पाहिला, पण उपयोग झाला नाही. त्याला तलफ म्हणजे काय तेच माहीत नसतं, तो लगेच देहाच्या नश्वरतेवर बोलायला लागतो. ज्याच्या स्वतःच्या तोंडाला पाणी सुटलंय त्यानं "मलाबी आलीय" म्हटलं की दुसऱ्याचं अर्धं ओझं उतरतं.

खरी अडचण वारी संपल्यावर. वाटेवर हरिपाठ असतो, टाळ असतो, चोवीस तास माणसं असतात. घरी आलं की पेरणी, कर्ज, भांडणं आणि पारावर बसलेले जुने दोस्त. पहिल्या साली भाऊ पंढरीहून कोरडा आला आणि पोळ्याला पुन्हा सुरू झाला. मग काकांनी एकादशीची मोजणी काढली. दर एकादशीला गावच्या विठ्ठल मंदिरात रात्री भजन असतंच. भजन संपलं, आरती झाली की सोडणाऱ्यांनी उभं राहून सांगायचं, माझ्या इतक्या एकादश्या झाल्या. घसरला असेल त्यानं सांगायचं, माझी आज पहिली. लोक दोघांनाही सारखंच "पुंडलिक वरदा" म्हणत. वर्षाला चोवीस एकादश्या, अधिक महिना आला तर दोन जास्त. अधिकात भाऊ म्हणायचा, "यंदा दोन फुकटात मिळाल्या." दुसऱ्या गावचे जोडीदार पोस्टकार्ड टाकायचे. त्यावर क्षेमकुशल काही नसे, नुसतं 'अकरा झाल्या, तुमच्या किती' आणि खाली रामकृष्ण हरी. अशी कार्डं आमच्याकडं पत्र्याच्या पेटीत अजून आहेत. चोवीस भरल्या की त्याला पुढल्या वारीत एक दिवस वीणा घ्यायचा मान मिळायचा. वीणा गळ्यात आली की ती खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात द्यावी लागते, हे वारकऱ्यांना सांगायला नको.

इतिहास लिहायचा तर हेही लिहिलं पाहिजे, की आमच्या त्या वेळच्या विणेकरी बुवांनी चिलीम शेवटपर्यंत सोडली नाही. ऐंशीच्या पुढं गेलेले. म्हणायचे, "आता यमच सोडवील." पण जोड्या लावल्यापासून ते तळापासून लांब, बांधाच्या पलीकडं जाऊन ओढायचे आणि कुणी पोरगा मागं आला तर काठी उगारायचे. किती जणांच्या जोड्या त्यांनीच लावल्या. कोणाचं कोणाशी पटेल हे त्यांना बरोबर कळायचं.

यजमानांचं कोडंही सुटलं, थोडं रुसवंफुगवं होऊन. विडीच्या बंडलाऐवजी बडीशेप आणि खडीसाखर द्या, असं दिंडीनं मुक्कामाच्या गावांना आधी पत्रानं कळवलं. एका गावी विड्यांचा व्यापार करणारे एक शेठ दरसाल सगळ्या दिंडीला जेवण घालायचे आणि पंगतीला बंडलं वाटायचे. त्यांच्याकडचं अन्न घ्यावं की नाही यावर रात्री बारापर्यंत वाद झाला. तरुण मंडळी म्हणत होती, घेऊ नये. आम्ही आणि काका म्हणालो, अन्न घ्यावं, बंडल घेऊ नये. तसंच झालं. शेठ पहिल्या साली नाराज झाले, पण जेवण बंद केलं नाही.

आता बायांच्या सुपाकडं येतो. ज्या साली सोडणाऱ्यांची संख्या वाढली त्या साली सिन्नरच्या मुक्कामी आमचं कीर्तन होतं. आम्ही विडीवर बोललो. कीर्तन संपल्यावर आमच्याच आळीतली एक मावशी पुढं आली, पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, तुमचं समदं खरं. पण मी दिसाला हजार वळते तवा माझा पोरगा शाळंत जातो. मी काय पाप करते का?" सगळे आमच्या तोंडाकडं बघायला लागले. आम्ही तिला म्हणालो, मावशी, आमच्या आईच्या दुधात तीच मजुरी होती. त्या दिवसापासून आम्ही कीर्तनात विडी ओढण्यावर बोलतो, वळणाऱ्या बाईवर कधी शब्द काढत नाही. आणि तरुण कीर्तनकारांनाही तेच सांगतो. तंबाखूची धूळ त्या बायांच्याही छातीत जात होती, खोकला त्यांनाही होताच, पण तो प्रश्न कीर्तनानं सुटणारा नव्हता. पुढं माळेगावच्या एमआयडीसीत कारखाने आले, पोरीबाळी शिकल्या, विडीचं काम आपोआप कमी होत गेलं. आमच्या आळीत आज सूप फारसं कुणाच्या मांडीवर दिसत नाही. याचं श्रेय दिंडीनं घेऊ नये.

बायांचा दुसरा विषय मिश्रीचा. पुरुषांनी विडी सोडली म्हणून हारतुरे घेतले, आणि त्याच वेळी पहाटे तीन वाजता तळावर तव्यावर तंबाखू भाजल्याचा खाट उठत होता. काकड्याच्या आधी बाया मिश्री लावून घ्यायच्या. आम्हा पुरुषांना तो वास इतका सवयीचा, की त्यातही तंबाखूच आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आणून दिलं ते डोक्यावर तुळस घेऊन पुढं चालणाऱ्या एका आक्कांनी. त्यांच्या हिरड्या सुजल्या होत्या, दात हलत होते. त्यांनी पाच-सहाजणींना गोळा केलं आणि पुरुषांना न विचारता आपली मोजणी सुरू केली. मिश्री सोडणं विडीपेक्षा अवघड, असं आम्हाला वाटतं. विडी निदान घराबाहेर ओढतात. मिश्री ही उठल्याउठल्या, चुलीपाशी, सासूच्या काळापासूनची. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही एक पक्की समजूत. आक्कांनी त्याला कोमट पाणी आणि लिंबाची काडी लावून दिली. अभंगाऐवजी या बाया गौळण म्हणायच्या. आक्का बोलायला फटकळ. म्हणायच्या, "बाप्ये तलफ आली म्हणून सांगत फिरतात. आम्ही सांगायचं कुणाला? भाकरी थापता थापता शेजारणीला सांगतो."

नंतर गुटख्याच्या पुड्या आल्या. विडी सुटलेल्या बापांची पोरं पुडी फाडायला लागली. विडीला धूर असतो, वास येतो, लपत नाही. पुडी गालात धरून पोरगं टाळ वाजवतंय हे शेजारच्यालाही कळत नाही. सरकारनं कायदे केले. २००८ च्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी झाली, एसटी आणि स्टँडवर त्याचा फरक दिसला. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण आमच्या वाटेवर, नगर जिल्ह्यात, मावा आधीपासून होता आणि आजही टपरीवर घोटून मिळतो. पोरांच्या बाबतीत आमची जुनी रीत थोडी बदलावी लागली. त्यांना अभंगाच्या चाली पूर्ण येत नाहीत. म्हणून त्यांना पखवाज शिकायला बसवलं. दोन्ही हात कामात गुंतले की खिशाकडं जात नाहीत. तोंडात मावा असेल तर बोल म्हणता येत नाहीत, आणि बोल म्हटल्याशिवाय काका हात लावू देत नसत.

२०२० साली करोनात पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आम्ही घरी बसून टीव्हीवर पाहिलं. त्या साली चार माणसं पुन्हा विडीकडं गेली, त्यातला एक तर वीस वर्षं कोरडा होता. पाय चालले नाहीत की मनही ठिकाणावर राहत नाही. तेव्हा पोस्टकार्डाचं काम मोबाईलनं केलं. दर एकादशीला रात्री नऊ वाजता फोन, आणि विचारायचं एकच, किती झाल्या. चारातले तिघे पुढल्या दोन वर्षांत पुन्हा सुटले. चौथा माणूस अजून ओढतो, पण दिंडीत येतो आणि बांधाच्या पलीकडं जातो. त्याचा टाळ कुणी काढून घेतलेला नाही.

तंबाखूच्या पाकिटावर आता सोडण्यासाठी मदतीचा फुकट फोन नंबर छापलेला असतो. ज्यांच्या गावी दिंडी नाही त्यांनी तो लावावा, दवाखान्यात विचारावं. डॉक्टर आता चघळायच्या गोळ्याही देतात, त्या घेतल्यानं व्रत मोडत नाही, असं कुणी विचारलं तर आम्ही सांगतो.

पखवाजी काका गेल्या कार्तिकीनंतर देवाघरी गेले. त्यांच्या आठशेच्या वर एकादश्या भरल्या होत्या. मोजणीची वही आता आक्कांच्या सुनेकडं आहे, पुरुष आणि बाया दोघांची एकच. यंदाच्या वारीसाठी नवी सात नावं आली आहेत, पाच पुरुष आणि दोन बाया. पुरुषांत एकाला जोडीदार कमी पडतो आहे. ज्या कुणाची तयारी असेल त्यानं निघायच्या आधी त्र्यंबकला तळावर येऊन विणेकऱ्यांना भेटावं.